स्टेशनला जोडणाऱ्या एसटी फेऱ्या : ग्रामपंचायतीच्या ठरावात नेमकं काय घालायचं?

किनारा_ते_स्टेशन

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या चार ग्रामपंचायती मिळून रेल्वे स्टेशनला जोडणाऱ्या एसटी फेऱ्या वाढवून मागणार आहेत. दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. कोकण रेल्वे आणि महामार्ग दोन्ही आतल्या अंगाने गेलेत, त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचा माणूस स्टेशनपासून पंचवीस-तीस किलोमीटर किंवा त्याहूनही लांब. पहाटे गाडीतून उतरलं की रिक्षाचं भाडं रेल्वेच्या तिकिटाला मागे टाकतं.

मार्ग २८ किलोमीटरचा आहे. मागणी अशी: सकाळी स्टेशनकडे एक फेरी, दुपारी परतीची एक आणि शेवटच्या गावात वस्तीची (रात्री तिथेच मुक्काम करणारी) गाडी. चारही ग्रामसभा ठराव द्यायला तयार आहेत. पण "सदर मागणीस ही सभा एकमताने पाठिंबा देत आहे" एवढ्यावर काही हलत नाही. ठरावात काय असलं म्हणजे तो बाजूला ठेवता येणार नाही? ग्रामपंचायतीने कोणता खर्च उचलायचा? वित्त आयोगाचा पैसा चालतो का?

फेरीपत्रक

पाठिंबा मागणीला द्यायचा नसतो, फेरी चालवण्याला द्यायचा असतो. एसटीच्या विभाग नियंत्रकांपुढे कागद जातो तेव्हा तिथे तीनच गोष्टी बघितल्या जातात: भारमान (एकूण आसन-किलोमीटरपैकी किती टक्के भरले), रस्ता आणि चालक-वाहकांची ड्युटी. तुमचा ठराव या तिन्हींना उत्तर देणारा हवा.

भारमानाबद्दल गावात मोठा गैरसमज असतो. गाडी भरलेली दिसते म्हणजे भारमान चांगलं, असं नाही. ४४ आसनांची गाडी २८ किलोमीटर धावली की १,२३२ आसन-किलोमीटर झाले. तीस माणसं चढली, पण सरासरी १४ किलोमीटरवर उतरली, तर भरले फक्त ४२०. भारमान ३४ टक्के. परतीला दहाच माणसं शेवटपर्यंत आली तर २८०. दोन्ही मिळून २,४६४ पैकी ७००, म्हणजे २८ टक्के. सकाळी दारात माणूस लटकत होता असं गाव सांगतं, आणि कागद २८ टक्के सांगतो. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून मोजणी करताना "कुठून कुठे" हे लिहिल्याशिवाय उपयोग नाही. सलग सात दिवस, आठवडा बाजाराचा दिवस धरून, प्रत्येक तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात तिथे) एक माणूस बसवा. वडाप (खाजगी प्रवासी गाड्या), रिक्षा, दुचाकीवर मागे बसून जाणारे, सगळे धरा. चार रकाने ठेवा: पूर्ण तिकीट, महिला, ज्येष्ठ, विद्यार्थी. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, विद्यार्थी पासाला एक तृतीयांश रक्कम. उरलेला भार राज्य सरकार महामंडळाला देतं. हे रकाने वेगळे नसले की नुसत्या रोख तिकिटावरून मार्ग रिकामा ठरतो. शाळा-कॉलेजांकडून मुलांची गाववार यादी मुख्याध्यापकांच्या सहीने घ्या. मोजणीच्या सगळ्या कागदांत तिचं वजन सर्वांत जास्त.

आता वस्तीची गाडी. तुमच्या तीन मागण्यांतली हीच आधी मिळवा. रात्री शेवटची फेरी गावात येऊन तिथेच थांबली की पहाटे आगारातून रिकामी गाडी पाठवायचे डेड किलोमीटर वाचतात, आणि सकाळची पहिली फेरी आपोआप मिळते. अडतं ते विश्रांतीवर. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास विश्रांतीची अट होती, तीच धरून चला. रात्री साडेआठला पोचून सकाळी सहाला निघाली तर साडेनऊ तास, जमतं. रात्री साडेनऊला पोचून पावणेसहाला निघा म्हणाल तर सव्वाआठच तास होतात आणि प्रस्ताव तिथेच मरतो. वेळा मागतानाच हे गणित घाला.

शिवाय खोली. दोन खाटा, पंखा, दिवा, कडी-कुलूप, शौचालय, आणि मे महिन्यातही पाणी. वाहकाकडे दिवसभराची रोकड असते, त्यामुळे देवळाच्या ओसरीवर झोपायला सांगणं योग्य नाही. ठरावात खोलीचा घर क्रमांक आणि वीजबिल कोण भरणार ते लिहा. चालक-वाहकांची नीट सोय करणाऱ्या गावाची फेरी सहसा टिकते, हे मनापासून सांगतो.

जांभा_चिरा

रस्त्याबद्दल. नवीन मार्ग सुरू करण्याआधी पाहणी होते, आणि ती बहुधा गाडी वळवायच्या जागेवर नापास होते. १२ मीटर लांबीची गाडी एका दमात वळवायला साधारण २५ मीटर व्यासाचं मोकळं आवार लागतं. एवढी जागा किनाऱ्याच्या गावात मिळणं कठीण. मग रस्त्याला काटकोनात आत जाणारा फाटा करा, १५ मीटर खोल, ६ मीटर रुंद. गाडी मागे घेऊन वळते. फाट्याच्या तोंडाचे दोन्ही कोपरे गोल कापा, चौकोनी ठेवले तर मागचं चाक गटारात जातं.

नुसता लाल मुरूम पसरू नका. भरलेली गाडी पंधरा टनांच्या घरात जाते आणि जागेवर स्टिअरिंग फिरवते, जुलैत चाक रुतणारच. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर खडी दाबून, वर काँक्रीट. पाण्याला उतार रस्त्याच्या उलट दिशेला द्या.

बाकी मार्गावर स्वतः फिरून यादी करा: ३ मीटर डांबर आहे की ३.७५, समोरून डंपर आला तर गाडी कुठे दाबणार, कुठली मोरी खचली आहे, कुठल्या कलमाची फांदी रस्त्यावर आली आहे. विजेची लघुदाब तार रस्ता ओलांडते तिथे ५.८ मीटर उंच हवी. सैल पडलेली दिसली तर खांब क्रमांक टाकून महावितरणला पत्र द्या आणि त्याची पोच प्रस्तावाला जोडा. जुन्या मोऱ्यांसाठी जिल्हा परिषद बांधकाम उपविभागाकडून भारक्षमतेचा दाखला घ्या. तो नसला तर पाहणीला आलेला माणूस सही कशी करणार?

निवारा शेडबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती सगळीकडे चुकते. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. शेडची उघडी बाजू तिकडे असली तर आतला बाक जून ते सप्टेंबर ओलाच. रस्त्यामुळे तोंड तिकडेच करावं लागलं तर छपराची झाप एक मीटर पुढे काढा आणि वाऱ्याकडची बाजूची भिंत बांधा. मात्र त्या भिंतीत डोळ्याच्या उंचीवर जाळी ठेवा, येणारी गाडी दिसली पाहिजे. दिसली नाही तर माणसं छत्री घेऊन बाहेरच उभी राहतात. भिंती चिऱ्याच्या, खांब काँक्रीटचे. खाऱ्या हवेत साधा लोखंडी पाइप तळाशी गंजतो आणि पत्रा हुकाजवळ फाटतो.

किनारा_ते_स्टेशन

दोघांचेही आभार. वळायला दोन जागा आहेत. एक सामाईक सातबाऱ्याची, बरेचसे हिस्सेदार मुंबईला. दुसरी देवळासमोरची. आणि निधीचं कोणी सांगेल का?

आठ_अ_उतारा

सामाईक जागेवर गावातल्या एका हिस्सेदाराचं संमतीपत्र घेऊन काँक्रीट ओतू नका. गणपतीला चाकरमानी आले की हरकत येते, आणि केलेला खर्च लेखापरीक्षणात ग्रामपंचायतीच्या अंगावर येतो. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावे व्हायला हवं. सह्यांसाठी गणपतीची सुट्टीच सोयीची, सगळे तेव्हाच एकत्र सापडतात. देवळासमोरची जागा वापरायला देवस्थानच्या विश्वस्तांचा ठराव घ्या. मालकी बदलत नाही, पण पाहणीपुरतं काम होतं. जत्रा आणि शिमग्याच्या पालखीच्या दिवसांत गाडी कुठे वळणार, ते मात्र त्याच ठरावात लिहा. दोन्ही पुढे ढकला असं म्हणणार नाही: देवळासमोरून आता फेरी सुरू करा, बक्षीसपत्राचं काम बाजूने चालू ठेवा.

निधी. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. अबंधित रक्कम पगार-आस्थापनेवर चालत नाही, पण शेड किंवा वळणाची जागा गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात असेल तर घेता येते. आराखड्यात नसेल तर नाही, म्हणून ग्रामसभेचा विषय आधी तो. २०२६-२७ पासूनच्या वर्षांना सोळावा आयोग लागू, तेव्हा त्या वर्षाचं काम नव्या सूचना समोर ठेवूनच आखा.

रस्ता कोणाचा ते आधी शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे. जिल्हा नियोजन समितीत ग्रामीण मार्गांना लेखाशीर्ष (खर्चाच्या खात्याचा क्रमांक) ३०५४, इतर जिल्हा मार्गांना ५०५४. प्रस्ताव अंमलबजावणी यंत्रणेमार्फतच जातो, थेट पालकमंत्र्यांना दिलेलं निवेदन म्हणजे प्रस्ताव नव्हे. राज्यमार्गाच्या हद्दीत शेड बांधायची तर बांधकाम विभागाचा ना हरकत दाखला लागतो. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेकडे मात्र वेळ घालवू नका. ती मुख्यत्वे तीन लाखांवरच्या शहरांसाठी आहे, आणि रत्नागिरी शहरच २०११च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास होतं.

ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला तो लागत नाही, पण तिथे नवीन विषय घेता येत नाही. म्हणून फेरीचा विषय मूळ नोटिशीतच हवा. चारही गावांच्या ठरावाचा मसुदा शब्दशः एक ठेवा. एका गावाने सकाळी सात लिहिलं आणि दुसऱ्याने आठ, की चारही परत येतात.

खाडीपलीकडे

एका गोष्टीत सावध राहा. "तोटा झाल्यास ग्रामपंचायत भरून देईल" असं ठरावात कोणी सुचवलं तर अजिबात मान्य करू नका. तोट्यावर मर्यादा नसते आणि ग्रामपंचायतीचं उत्पन्न घरपट्टीवर चालतं. जागा, शेड, खोली, फांद्या तोडणं, एवढंच अंगावर घ्या. ते दरवर्षी निभावता येतं.

आणि वेळा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं असतं, जोराच्या पावसात गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणतात. एकच वेळ मागितली तर चार महिने बस रिकामी निघेल, आणि तेच आकडे पुढच्या वर्षी तुमच्या विरोधात येतील. ठरावात दोन वेळापत्रकं लिहा, आणि रेल्वे उशिरा असेल तर बस किती मिनिटं थांबणार तेही. वीस मिनिटं वाजवी आहेत. त्याहून जास्त थांबली तर मधल्या गावांतली माणसं तिष्ठतात. फेरी बसस्थानकापर्यंत नको, स्टेशनच्या आवारापर्यंत मागा.

खाडीवर फेरीबोट असलेल्या गावांनी शेवटच्या बोटीची वेळही पकडावी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला बोट चुकली की मोठा वळसा पडतो. पलीकडच्या तीरावर बस उभी आहे आणि अलीकडे बोट बंद झाली आहे, असा मेळ कोणाच्याच कामाचा नाही. दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींनी एकत्र पत्र द्यावं, एक महामंडळाला, एक सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकांना.

फेरीपत्रक

वरच्यांशी पूर्ण सहमत, तोट्याचं कलम तर नकोच. एक राहिलं. गणपती आणि शिमग्याला जादा गाड्यांसाठी आगारातल्या गाड्या बाहेर जातात आणि स्थानिक फेऱ्या रद्द होतात. सगळ्याच वाचवा म्हटलं तर एकही वाचत नाही. ठरावात स्पष्ट लिहा: वस्तीची गाडी आणि शाळेची सकाळची फेरी या दोन रद्द करू नयेत, बाकीच्या रद्द झाल्यास तीन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवावं. ठरावाची प्रत आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक आणि विभागीय वाहतूक अधिकारी, तिघांना वेगवेगळी द्या आणि तिन्ही पोचांवर आवक क्रमांक मागून घ्या.