मदत हवी आहे: मंडप-खुर्च्या-भांडी भाड्याच्या धंद्यात खरा नफा कुठल्या रेशोनं कळतो? कर्ज काढून माल वाढवावा का?

नमस्कार मंडळी,

इंदापूर तालुक्यात आमचा मंडप, खुर्च्या आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. वडिलांनी सुरू केलेला, आता धाकटा भाऊ पूर्णवेळ बघतो, मी नोकरी सांभाळून सीझनला मदतीला असतो आणि हिशोबाची वही माझ्याकडे. आता भाऊ म्हणतोय की मुद्रा योजनेच्या किशोर गटातून ५ लाखांचं कर्ज काढू, त्यात ६०० खुर्च्या घेऊ (२ लाख ७० हजार) आणि उरलेल्या २ लाख ३० हजारात नवा स्टेज-सोफा सेट, कारण वैशाखात एकाच तारखेला चार-चार लग्नं येतात, माल कमी पडतो आणि मग दुसऱ्या मंडपवाल्याकडून आणून द्यावा लागतो. त्याचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, दिवसभर फोन घेणारा तो आहे. पण वर्षाला १ लाख ३० हजाराचे हप्ते (५ वर्षं, ११ टक्के धरून महिन्याला जवळपास १०,९००) डोक्यावर घ्यायच्या आधी धंदा खरंच किती कमावतो ते मला नीट कळायला हवंय.

अडचण अशी की आमचं रिटर्न ४४एडीत जातं, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा धरून, त्यामुळे ताळेबंद असा कधी बनलाच नाही. जीएसटी नाही, २० लाखांच्या बरेच खाली आहोत. म्हणून वहीवरून मीच मांडलंय, गेल्या एप्रिल ते मार्चचं:

माल, घेतला त्या किमतीने: ८०० खुर्च्या ४५० प्रमाणे ३,६०,०००. भांडी (जर्मनची पातेली, कढया, पराती, बादल्या, ताटं-वाट्या, गॅस भट्ट्या) २,४०,०००. मंडप ५,५०,०००, त्यात पाईप २,४०,००० चे आणि कापड-ताडपत्री-कार्पेट ३,१०,००० चं. स्टेज-सोफा-लाइट २,५०,०००. सेकंडहँड छोटा हत्ती (टेम्पो) २,८०,०००. सगळं मिळून १६ लाख ८० हजार.

भाडं: खुर्च्यांचं १,६८,०००, भांड्यांचं १,३२,०००, मंडपाचं ४,६०,०००, स्टेज-सोफा-लाइटचं २,००,०००. एकूण ९ लाख ६० हजार.

खर्च: पोरांची हजेरी २,६०,०००, डिझेल आणि गाडी ९५,०००, गोडाऊन भाडं ७२,०००, धुलाई-शिलाई-दुरुस्ती ४८,०००, बाहेरून आणलेल्या मालाचं भाडं ५५,०००, फोन-लाइटबिल-विमा वगैरे ३०,०००. एकूण ५ लाख ६० हजार.

म्हणजे राहिले ४ लाख. यूट्यूबवर आणि एका जुन्या बीकॉमच्या पुस्तकात बघून मी रेशो काढले, तर नेट प्रॉफिट मार्जिन (नफा भागिले एकूण भाडं) आलं जवळपास ४२ टक्के आणि लावलेल्या पैशावर परतावा जवळपास २४ टक्के. इतका परतावा बघितला तर कुणीही म्हणेल की कर्ज काढ, अजून माल घे. पण मग मार्चअखेर बँकेत काहीच कसं नसतं? भाऊ घरखर्चाला काढतो ते धरूनही जमत नाही. उधारी १ लाख ९० हजार आहे, आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक उसवालं, बिल आलं की देतो म्हणतात आणि देतातही, पण कारखाना कधी देईल त्यावर सगळं.

दुसरं म्हणजे पुस्तकातले रेशो दुकानदाराचे वाटतात मला. करंट रेशो, स्टॉक टर्नओव्हर... आमचा माल विकला जातच नाही ना, तोच परत येतो, फक्त प्रत्येक वेळी थोडा झिजून येतो. खुर्चीचा पाय चिरतो, कार्पेटवर भाजीचं तेल सांडतं, ताडपत्री एका वादळात फाटते, पातेली परत येतात तेव्हा एखादं झाकण आणि चार-दोन ओगराळे कमी असतातच. हे कुठल्या रेशोत बसवायचं?

वर्षाचा सीझन पण सरळ नाही. तुळशीचं लग्न झालं की सुरू, उन्हाळ्यात कळस, आषाढी एकादशीनंतर लग्नं बंद, मग गणपती-नवरात्राचे मंडप, सप्ताह, दहावे-तेरावे, शाळांची गॅदरिंग. (पालखी इंदापुरात मुक्कामाला असते तेव्हा अन्नदानाला भांडी बिनभाड्याची जातात. ते वडिलांच्या काळापासून आहे आणि तसंच राहणार, त्यामुळे कृपया ते बंद करा असं सुचवू नका.) आणि २०२० चा उन्हाळा आम्ही पाहिलाय, लग्नाला ५० माणसांची परवानगी, २०२१ ला तर २५ वर आली, त्या दोन वर्षांत सगळा माल गोडाऊनला पडून होता आणि गोडाऊनचं भाडं चालू होतं. तेव्हा हप्ता नव्हता म्हणून तरलो.

तर माझे प्रश्न असे: भाड्याच्या धंद्याला नेमके कुठले रेशो बघायचे? २४ टक्के हा आकडा धरून चालायचं का? आणि ६०० खुर्च्या घ्याव्यात की नाही हे आकड्यानं कसं ठरवायचं, कारण भावाला मी "मला वाटतंय" म्हणून नाही म्हणू शकत नाही, त्याला वहीत दाखवावं लागेल.

प्रतिसाद

दादा, मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम केलंय, मंडपवाले, जेसीबीवाले, सेंट्रिंग प्लेटावाले यांच्या फायली रोज बघायचे, म्हणून लिहिते. तुम्ही आकडे इतके सुटे करून दिलेत हे फार बरं झालं, बहुतेक लोक एकच एकूण आकडा देतात.

सगळ्यात आधी ४ लाखातून दोन गोष्टी वजा करा ज्या वहीत येत नाहीत. एक भावाचा पगार. तो दुसरीकडे गेला तर महिन्याला निदान १२ हजार मिळतीलच, म्हणजे वर्षाला १,४४,०००, हा धंद्याचा खर्चच आहे. दुसरी मालाची झीज, आणि ती इन्कम टॅक्सच्या टक्क्यांनी धरायची नाही, तुमच्याकडे ती वस्तू खरोखर किती वर्षं टिकते त्यावर धरायची. मी अंदाजाने धरते, तुम्ही बदला: खुर्च्या ६ वर्षं म्हणजे वर्षाला ६०,०००. कापड-ताडपत्री-कार्पेट ५ वर्षं, ६२,०००. पाईप २० वर्षं, १२,०००. भांडी १२ वर्षं, २०,०००. स्टेज-सोफा ५ वर्षं, ५०,००० (याची फॅशनच जाते हो, मोडायच्या आधी). गाडी ७ वर्षं, ४०,०००. बेरीज २,४४,०००.

४ लाख वजा १,४४,००० वजा २,४४,००० म्हणजे उरले १२,०००. १६ लाख ८० हजारांवर हा परतावा एक टक्कासुद्धा नाही. घाबरू नका, धंदा तोट्यात नाहीये, भावाचा पगार निघतोय आणि माल बदलायला पुरेल इतकं निघतंय. पण २४ टक्के तो नाही. तुमच्या बँकेत काही उरत नाही त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे, कारण दरवर्षी काही ना काही नवीन घ्यावं लागतं आणि तो पैसा "माल घेतला" म्हणून निघून जातो. बाकीचं उत्तर उधारीत. १,९०,००० भागिले ९,६०,००० गुणिले ३६५, म्हणजे ७२ दिवस. जवळजवळ अडीच महिने तुमचा पैसा लोकांकडे असतो. इसार निम्मा घ्यायची सवय लावा, उसवाल्यालाही डिझेलपुरता ॲडव्हान्स द्यायला जड जात नाही.

करंट रेशो, स्टॉक टर्नओव्हर सोडून द्या, तुमचं म्हणणं बरोबर आहे. भाड्याच्या धंद्यात माझ्या मते बघायचं ते वस्तूवार: वर्षाचं भाडं भागिले त्या वस्तूची किंमत. खुर्च्या ४७ टक्के, भांडी ५५, मंडप ८४, स्टेज ८०. आता वाटेल मंडप सगळ्यात भारी, पण हजेरी कुठे जाते बघा. मंडप उभारायला-सोडायला पोरं लागतात, भांडी गिऱ्हाईक स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये घालून नेतं. २,६०,००० मधले समजा १,७०,००० मंडपाचे असतील तर मंडप उतरून ५३ वर आला, भांड्यांच्या खाली, आणि वर कापडाची झीज. म्हणून हजेरी लिहिताना पुढे "मंडप", "स्टेज" असं एक अक्षर तरी लिहा.

आता खुर्च्या. ही गोष्ट भावाला शांतपणे दाखवा. खुर्ची ७ रुपयांनी देता ना? १,६८,००० भागिले ७ भागिले ८००, म्हणजे सरासरी एक खुर्ची वर्षात ३० दिवस बाहेर जाते. भाऊ याच सरासरीवर बोलतोय. पण पुढच्या ६०० खुर्च्या सरासरीने जाणार नाहीत, त्या फक्त त्या तारखांना जातील जेव्हा पहिल्या ८०० कमी पडतात. बाहेरून आणलेल्या ५५,००० मध्ये खुर्च्यांचे किती? आणि काय दराने?

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार, असं कुणी मांडून दिलं नव्हतं. हो, ७ रुपयेच. बाहेरच्या खुर्च्यांचे २८,००० होते, आम्हाला ५ रुपयांनी मिळतात.

प्रतिसाद

मग २८,००० भागिले ५, ५,६०० खुर्च्या-दिवस. ते ६०० वर वाटले तर एक नवीन खुर्ची वर्षात जेमतेम ९ दिवस बाहेर जाईल. आता किती दिवस जायला हवी ते बघा: ४५० ची खुर्ची, ६ वर्षांची झीज वर्षाला ७५, व्याज पहिल्या वर्षी ५० च्या आसपास, झाले १२५. स्वतःची असल्यामुळे दर दिवसाला वाचतात ५ रुपये. म्हणजे २५ दिवस गेली तर बाहेरून आणण्याच्या बरोबरीला येते. ९ आणि २५ मध्ये फार अंतर आहे. ६०० खुर्च्या ठेवायला गोडाऊनची जागा वेगळी.

भावाचं एक म्हणणं मात्र खरं असू शकतं, की माल नाही म्हणून परत पाठवलेल्या ऑर्डरी या हिशोबात येतच नाहीत. त्या मोजा. नाही म्हटलेला प्रत्येक फोन तारखेसकट लिहा, किती खुर्च्या मागितल्या तेही. पण आधी तपासा, त्या तारखेला बाहेरही माल नव्हता की तुमची पोरं आणि गाडीच मोकळी नव्हती. दुसरं कारण असेल तर खुर्च्या घेऊन काही होत नाही.

अजून एक सांगते. बँकेत गेलात तर साहेब डीएससीआर काढतील, म्हणजे हप्त्यासाठी वर्षाला हाती राहणारा पैसा भागिले वर्षाचे हप्ते. त्यात झीज वजा करत नाहीत, त्यामुळे ४ लाखातून भावाचे १,४४,००० गेले की २,५६,००० भागिले १,३०,०००, म्हणजे १.९ च्या पुढे. साधारण दीडच्या वर असला की फाइल चांगली धरतात. कर्ज मंजूर होईलही. पण ते हप्ते तुमच्या ताडपत्रीच्या आणि खुर्च्यांच्या बदलीच्या पैशातून जातील, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं, तुम्हाला आहे. मी असते तर या वर्षी कर्ज घेतलं नसतं. फार तर एक-दीड लाखाची भांडी आणि तीही उधारी वसूल करून.

धागाकर्ता

ताई, काल रात्री भावाला वही घेऊन बसलो. ९ आणि २५ चा हिशोब त्याने स्वतः दोनदा करून पाहिला, मग म्हणाला की खुर्च्या राहू दे, पण स्टेजच्या किमान तीन ऑर्डरी या मे महिन्यात त्याने फोनवरच सोडल्या आणि त्या त्याला आठवतायत, पार्टीच्या नावानिशी. आमच्या स्टेजचं भाडं लग्नाला ६,५०० आहे. म्हणजे १९,५००, त्यातून हजेरी आणि डिझेल गेलं की किती राहणार, आणि २ लाख ३० हजारांच्या सेटची झीजच वर्षाला ४६,०००. हे पण बसत नाहीये असं आत्ता तरी दिसतंय. त्याने मान्य केलंय की तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंत सोडलेल्या ऑर्डरी वेगळ्या पानावर लिहायच्या आणि मग परत बसायचं. मुद्राचा फॉर्म ठेवून दिलाय. निम्मा इसार आजपासून चालू केला, पहिल्याच गिऱ्हाइकाने काही न बोलता दिला.

एकच राहिलं: भांड्यांना १२ वर्षं धरलीत ती जर्मनच्या पातेल्यांना मला पटतात, पण आमच्याकडे वडिलांनी घेतलेली पितळी पातेली आहेत, ती कल्हई करत गेलो तर अजून कितीतरी वर्षं जातील आणि मोड म्हणून विकली तरी आज घेतल्यापेक्षा जास्तच पैसे येतील. त्यांना झीज धरायची की फक्त कल्हईचा खर्च? आणि परतावा काढताना त्यांची किंमत घेतली तेव्हाची धरायची की आजच्या मोडीची? मंडप किंवा भांड्यांच्या धंद्यातलं कुणी इथे असेल तर तुम्ही वहीत कसं धरता तेवढं सांगा.