नेट 'वाटायचं' की 'सामाईक करायचं'?

घोडबंदरवाली: राउटरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. एका वाक्यात अडलेय: एकच इंटरनेट जोडणी घरातल्या चार संगणकांत शेअर करायची. मी लिहिलं 'वाटा'. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "वाटून टाकल्यावर आपल्याला काय उरणार?" 'विभागा' म्हटलं तर भाऊबंदकी झाल्यासारखं वाटतं. (बघा, परत वाटतं!) सुचवा काहीतरी.

नौपाडाकर: सामायिक करा. सरळ शब्द आहे.

सातबारा: सामाईक हो. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र, चाळीत सामाईक संडास, दोन घरांत सामाईक भिंत. मसावितला 'सा' हाच. शिवाय वस्तू सामाईक 'असते', कोणी 'करत' नाही. आमच्या गावात 'विहीर सामाईक केली' म्हटलं की समजायचं, आधी कोर्टात जाऊन आलेत.

नौपाडाकर: ई ही बोलीतली झीज. मुळात 'सम'शी नातं असणार.

पारसिक: जैनांचं सामायिक ४८ मिनिटांचं असतं, मन समभावात ठेवून बसायचं. राउटर तेवढा वेळ न रुसता बसला तरी पुष्कळ.

वर्तकनगरी: विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ साली, नेट शेअर करायची सोय आली. आमच्याकडे मोडेम माझ्या कॉम्प्युटरला आणि तिथून क्रॉस केबल दाराच्या फटीतून दादाच्या खोलीत. माझा डबा चालू असेल तरच त्याला नेट. भांडण झालं की मी शट डाउन मारायचो. तो तिकडून बोंबलायचा, "नेट सोड!" वॉचमनला पाणी सोड म्हणतात ना, तसं. तेव्हा ना कोणी वाटत होतं, ना काही सामाईक होतं. एकाच्या हातात नळ. आई फोन उचलून दोघांचंही बंद करायची, ते वेगळंच.

सातबारा: 'नेट सोडणे' झकास! पण माहितीपत्रकात लिहिलंत तर लोक नेटचा नाद सोडतील.

कोपरखैरणे सेक्टर: यंत्रात काय घडतं ते बघा, मग शब्द शोधा. वेग वाटला जातो. एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीच्यांचं रखडतं. इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) मात्र सामाईक. बाहेरून अख्खं घर एका पत्त्याचं दिसतं. आत राउटर बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा निराळा पत्ता प्रत्येकाला देतो. कोणी काय मागवलं ते पोर्ट क्रमांकासकट (म्हणजे त्या मागणीच्या ओळख-क्रमांकासकट) टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्या यंत्राकडे धाडतो. भाडेकरूच्या पत्रावर 'मार्फत अमुक' लिहायचे, तोच प्रकार. म्हणून लिहा, 'राउटरमार्फत चारही संगणकांवर इंटरनेट वापरा'. शेअरला वेगळा शब्द लागतच नाही.

नौपाडाकर: मार्फत अरबी. 'द्वारा' लिहा.

कोपरखैरणे सेक्टर: आणि राउटर काय पैठणचा?

नौपाडाकर: त्यालाही शब्द घडवता येईल. सावरकरांचा 'महापौर' रुजलाच की.

वर्तकनगरी: महापौराला रात्री दोनला बंद करून चालू करावं लागत नाही.

ऐरोलीची ताई: आमच्या मजल्यावर तीन घरांत एकच वायफाय. आजी याला 'आकडा टाकला' म्हणते.

सातबारा: आकडा म्हणजे चोरी. तुम्ही पैसे देता ना?

ऐरोलीची ताई: तिसरा हिस्सा देतो. समोरचे देत नाहीत.

पारसिक: मग समोरच्यांचा आकडा.

घोडबंदरवाली: माहितीपत्रकात आकडा कसा लिहू! 'मार्फत' पटलंय, पण खाली बटणावर एकच शब्द मावतो.

सातबारा: बटणाचं राहू दे. तुमच्या 'वाटा'वरून आठवलं, मिक्सरमध्ये चटणी 'वाटतात' की 'फिरवतात'?

ऐरोलीची ताई: पाट्यावर वाटतात, मिक्सरला लावतात.

नौपाडाकर: साधन बदललं म्हणून क्रियापद बदलू नये. वाटतातच.

घोडबंदरवाली: सासूबाई म्हणतात 'काढतात'. चटणी काढते मिक्सरमधून.