पिचफोर्कचे गुण आणि आपले कान

रानभैरी
अमेरिकेतली संगीत-समीक्षेची साइट पिचफोर्क 'जीक्यू' मासिकात विलीन करायचं मालक कॉन्डे नास्टने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा बरेच जण हळहळले. मला फारसं वाईट वाटलं नाही. नव्वदीत मिनियापोलिसच्या रायन श्रायबरने हौसेनं काढलेली ही साइट प्रत्येक अल्बमला ०.० ते १०.० असे गुण द्यायची, आणि पुढे ती इतकी वजनदार झाली की दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा लोक गंभीरपणे घेऊ लागले. २००४ मध्ये गायक ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्टन' या अल्बमला त्यांनी ०.० दिले आणि त्याची एकल कारकीर्द सुरू होताहोताच झोपली. म्हणजे गाणं कानावर पडायच्या आधीच मत तयार. ७.९ आणि ८.१ मधला फरक कुणाला ऐकून सांगता येतो का?

जुनी_कॅसेट
साफ असहमत. त्याच वर्षी आर्केड फायर या बँडच्या 'फ्युनरल'ला ९.७ मिळाले, ते सोयीस्कर विसरलात. तो काढला मर्जने, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने. त्यांचा अल्बम रेडिओवर कोण लावणार होतं? अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ स्टेशनांच्या मालकीवरची बंधनं सैल झाली आणि एकट्या क्लिअर चॅनेल कंपनीकडे हजाराहून जास्त स्टेशनं गेली. सगळीकडे तीच ती गाणी. अशा वेळी कुणीतरी "हे ऐका" म्हणून ओरडणं गरजेचंच होतं. आम्ही पुण्यात बसून ते बँड ऐकले ते या साइटमुळेच, दुकानात कुठे मिळत होते!

रानभैरी
ओरडा की, आकडा कशाला? बरं, तो आकडा तरी पक्का? २०२१ मध्ये यांनी स्वतःच १९ जुन्या अल्बमांचे गुण बदलले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ वरून थेट १०, लिझ फेअरच्या अल्बमचे ०.० वरून ६.०. गाणी तीच होती हो.

तिरकस_तबलजी
गुण बदलले हे चांगलंच की. आपल्याकडे एकदा घराण्याचा शिक्का बसला की तीन पिढ्या पुसत नाही. :)
पण मूळ वाद चुकीच्या जागी चाललाय. २००६ मध्ये सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. १४,००० हून जास्त लोक, अनोळखी बँडांची ४८ गाणी. काहींना आपल्या गटातल्या किती जणांनी प्रत्येक गाणं डाउनलोड केलं ते दिसत होतं (असे वेगवेगळे गट होते), काहींना नाही. जिथे दिसत होतं तिथे लोकप्रिय गाणी आणखी पुढे गेली, आणि गंमत म्हणजे प्रत्येक गटात वेगवेगळी गाणी हिट झाली. फार चांगली सहसा बुडाली नाहीत, फार वाईट सहसा तरली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. तिथे समीक्षक एकही नव्हता. पिचफोर्क उद्या बंद पडली तरी व्ह्यूजचा आकडा आहेच डोक्यावर.

जुनी_कॅसेट
अगदी. आणि व्ह्यूजचा आकडा कारण देत नाही. समीक्षेत निदान चार परिच्छेद असतात, त्यातला एखादा मुद्दा धरून भांडता येतं.

रानभैरी
चार परिच्छेद? २००६ मध्ये जेट बँडच्या 'शाइन ऑन'ला ०.० देताना समीक्षेच्या जागी स्वतःच्याच तोंडात मुतणाऱ्या चिंपांझीचा व्हिडिओ टाकला होता त्यांनी. त्यातला कुठला मुद्दा धरायचा?