मदत हवी आहे : कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि सांडपाणी

नमस्कार मंडळी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे घर असून मागे लहानसे परस आहे. कास तलावातून येणारे पाणी जपून वापरावे म्हणून गेल्या वर्षापासून तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी आम्ही अळूला व केळीला घालतो, आणि ओला कचरा जुन्या माठात वाळक्या पानांसोबत जिरवतो. हे बऱ्यापैकी जमले आहे.

अडचण कढीपत्त्याची आहे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या काळ्यापांढऱ्या अळ्या आल्या, त्या वाढून हिरव्यागार झाल्या आणि हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढतात. त्यांची फुलपाखरे होतात हे ठाऊक असल्याने औषध फवारण्यास माझे मन घेत नाही. मात्र रोप वाचवायला हवे, हे सासूबाईंचे म्हणणेही खरे आहे, कारण हातभर उंचीच्या रोपाला आता जेमतेम चार डहाळ्या उरल्या आहेत. अळ्या अलगद उचलून परसातल्या लिंबाच्या झाडावर सोडल्या, तर त्या तेथे जगतील का? असा प्रयोग कोणी केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

दुसरे असे, की कपडे धुतलेले साबणाचे पाणी रोज वाया जाते, त्याचा फार जीव तुटतो. साबणाऐवजी रिठे वापरून ते पाणी झाडांना घालणाऱ्यांनी रिठ्याचे प्रमाण आणि आपला अनुभव कळवावा, ही विनंती.