वाचनालयाची पुस्तकयादी अंध सभासदांपर्यंत कशी पोचवायची? ॲप घ्यावं का?

कार्यकारिणीतला_एक

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्ग, अनुदान येतं तेव्हा येतं. नवीन पुस्तकं आली की डीटीपीवाल्याकडून यादी टाइप करून घ्यायची, प्रिंट फळ्यावर आणि त्याच प्रिंटचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, वर्षानुवर्षं असंच चाललंय. आता सभासदांत दोन पूर्ण अंध मुलं आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, शिवाय दोनतीन निवृत्त गुरुजी ज्यांची नजर मधुमेहाने अधू झालीय. या लोकांना आमच्या यादीचा काडीचा उपयोग नाही. मुलं म्हणाली काका, मोबाइल सगळं वाचून दाखवतो पण तुमची यादी आली की नुसतं "फोटो" म्हणतो आणि गप्प बसतो. एक कंपनी दिव्यांगांसाठी ॲप करून देते म्हणतेय, कोटेशन बघून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं 😄 वर दरवर्षी मेंटेनन्स वेगळा. डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल आणली, ती माझ्या लॅपटॉपवर उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. फुकटात किंवा कमी पैशात काय होईल? सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सचा माणूस आहे.

फॉन्टवाला_बंड्या

ॲप अजिबात घेऊ नका, तुमचा प्रॉब्लेम त्या फाइलमध्ये आहे. डीटीपीचे जुने फॉन्ट करतात काय, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवतात. आपल्याला 'कादंबरी' दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर भेळ होते आणि वाचून दाखवणारा सॉफ्टवेअर तीच भेळ वाचतो. युनिकोड करून घ्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक. फुकट कन्व्हर्टर नेटवर आहेत, फक्त तुमच्या डीटीपीवाल्याला त्याच्या फॉन्टचं नेमकं नाव विचारा, कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठलं मराठी चित्र हे प्रत्येक फॉन्टचं वेगळं असतं. कन्व्हर्ट झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यात तेल घालून तपासा. जुन्या पद्धतीत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचं बरोब्बर उलटं, त्यामुळे सगळा गोंधळ तिथेच होतो.

फॉन्टला पैसे लागत नाहीत. मुक्ता घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, लायसन्स ओपन आहे, म्हणजे प्रिंट, वेबसाइट, बॅनर कुठेही वापरा कुणी विचारणार नाही. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी. गुरुजींसाठी फळ्यावरची प्रिंट १८ पॉइंटच्या खाली नको, आणि फिक्या निळ्यावर पांढरी अक्षरं वगैरे डिझाइनगिरी तर मुळीच नको.

कान_देऊन_वाचतो

मी स्वतः पूर्ण अंध आहे, नोकरीत रोज आठ तास कॉम्प्युटरवर असतो म्हणून लिहितोय. बंड्याने सांगितलं ते बरोबर पण युनिकोड केलं की झालं असं नाही हो. युनिकोड केलेली यादी परत प्रिंट काढून स्कॅन केली तर ते परत चित्रच, आणि आमच्या ऑफिसात हे सर्रास होतं, का तर साहेबांची सही पाहिजे!! वर्डमधून थेट पीडीएफ सेव्ह करा, किंवा पीडीएफ तरी कशाला, व्हॉट्सॲपवर साधा मजकूर टाइप करून टाका, टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलमधला वाचून दाखवणारा, तो आरामात वाचतो. फक्त वर फुलं नि हात जोडलेल्यांची माळ लावू नका, आम्हाला ती सगळी ऐकावी लागते 🙏 (हा एक माफ). वर्डमध्ये विभागाचं नाव नुसतं बोल्ड करू नका, हेडिंग स्टाइल द्या, म्हणजे आम्ही एक बटण दाबून कादंबरीवरून थेट चरित्रावर जातो, नाहीतर चारशे नावं ऐकत बसायची. आणि भाषा मराठी सेट करा, नाहीतर कधी हिंदी आवाज वाचतो तर कधी इंग्रजी आवाज येतो आणि देवनागरी गाळूनच टाकतो.

कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा सॉफ्टवेअर, फुकट आणि ओपन सोर्स (आतला कोड सगळ्यांना खुला). २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने सुरू केला, मग जेम्स टेह आला, दोघंही अंध. आपल्याला रोज काय नडतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, ते वापरताना जाणवतं. त्यातला ईस्पीक नावाच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे पण सवय झाली की सुसाट वेगात ऐकता येतो. त्या दोन मुलांना मिटिंगला बोलवा, त्यांच्याच मोबाइलवर तुमची यादी लावून बघा, दोन मिनिटांत कळेल.

आणि यादी वाचली तरी पुस्तक कसं वाचणार? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत नफा न कमावता करायला मुभा आहे. सुगम्य पुस्तकालय, म्हणजे अशा प्रतींचं ऑनलाइन वाचनालय, २०१६ पासून चालू आहे, मुलांची नावनोंदणी तिथे करून द्या. छापील पानं स्कॅन करून टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा फुकट प्रोग्रॅम) मराठी लावलं तर बऱ्यापैकी मजकूर मिळतो.

जुना_लायब्रीवाला

कुणीतरी आता कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांगेलच म्हणून आधीच लिहितो. कोहा न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये बनायला लागलं, उत्तम आहे, ओपन सोर्स आहे, पण विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतं आणि सांभाळायला माणूस लागतो. ओपन म्हणजे लायसन्सचे पैसे नाहीत एवढंच, बाकी सर्व्हर, बॅकअप, वीज गेल्यावर उठून बघणं हे तुमचंच. जवळच्या कॉलेजात असेल तर त्यांच्या ग्रंथपालांशी बोला, नाहीतर लिबरऑफिसमधली (एक्सेलसारखं, पण फुकट) एक शीट पुरे, आडव्या-उभ्या घरांत नाव, लेखक, दाखल क्रमांक, आणि सेल मर्ज करू नका. एक बारीक गोष्ट, 'कऱ्हाड' मधला र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सेम पण शोधताना एकच सापडतो. टाइप करणाऱ्याला एक पद्धत ठरवून द्या, आम्हाला निम्म्या नोंदी सापडेनात तेव्हा कळलं होतं.

चाकावर_स्वार

सगळं छान पण वाचनालयात शिरायचं कसं? पायऱ्या किती? रॅम्प करणार असाल तर १:१२ धरा, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबी. पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन झालेल्या रॅम्पवरून माझी व्हीलचेअर वर जात नाही, खाली मात्र फार जोरात येते. आणि झालं की ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच भरलेला ऑनलाइन नकाशा) व्हीलचेअर आत जाते का याची नोंद टाका, 'थोडीफार' असाही पर्याय आहे, खोटं 'हो' टाकू नका, माणूस तिथवर येतो नि परत जातो.

कार्यकारिणीतला_एक

सगळ्यांचे आभार. पायऱ्या चार, दोन फुटांचा चढ, म्हणजे चोवीस फूट, आणि पुढे सभासदांच्याच मोटारसायकली उभ्या असतात, तो विषय मिटिंगमध्ये पेटणार. ॲपवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. शनिवारी मुलं येतायत. डीटीपीवाला म्हणतो युनिकोडला तोच रेट लावतो पण फुकटातला कन्व्हर्टर चांगला कुठला ते कळवा, तर बंड्यादादा तेवढं सांगा.