हिस्टोलिटिका की डिस्पार? पीसीआरच्या निकालाबद्दल शंका

प्रश्न : रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली चार केंद्रकांच्या गोल सिस्ट (आतड्यातील अमीबाची कवचबंद अवस्था) स्पष्ट दिसल्या, मात्र त्या रोगकारक एन्टामीबा हिस्टोलिटिकाच्या आहेत की निरुपद्रवी डिस्पारच्या, हे ठरवता आले नाही. फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात) ठेवलेल्या त्याच नमुन्याची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जीव ओळखणारी चाचणी) दोनदा केली, पण दोन्ही वेळा काहीच आले नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर १ : या दोन्ही प्रजातींच्या सिस्ट दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे नजरेवर विसंबू नये. मला मुख्य अडचण फॉर्मालिनची वाटते, कारण ते डीएनएला प्रथिनांशी जखडते आणि त्याचे तुकडेही होतात. ताजा नमुना मागवा. चाचणी लगेच शक्य नसेल, तर तो गोठवा किंवा इथेनॉलमध्ये ठेवा.

उत्तर २ : सहमत आहे. शिवाय शौचातील पित्तक्षार पॉलिमरेजचे (डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या एन्झाइमचे) काम रोखू शकतात, म्हणून प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे दाखवणारा, मुद्दाम घातलेला ज्ञात डीएनए) असलाच पाहिजे. त्याचाही संकेत आला नाही, तर निकाल ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘अवैध’ लिहावा आणि हा अडथळा कमी व्हावा म्हणून डीएनए दहापट विरल करून चाचणी पुन्हा करावी.

प्रश्नकर्ता : अंतर्गत कंट्रोल घातलाच नव्हता. उपचार या निकालावर ठरणार असल्याने आधीचा अहवाल थांबवला असून ताजा नमुना मागवला आहे.