मदत हवी आहे : पतींचा व्हायरल लोड कळेपर्यंत मी प्रेप घ्यावी का?

नमस्कार. माझे पती एचआयव्ही बाधित आहेत आणि माझ्या दोन्ही तपासण्या आतापर्यंत निगेटिव्ह आल्या आहेत. नाशिकच्या शासकीय एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रातून चार महिन्यांपूर्वी त्यांना टीएलडी, म्हणजे तीन औषधांची रोजची एक गोळी, सुरू झाली. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी सहा महिने पूर्ण झाल्यावर आहे. माझा प्रश्न या मधल्या दोन महिन्यांचा आहे.

बाधा नसलेल्या जोडीदाराने आधीपासून घ्यायच्या गोळीबद्दल, म्हणजे प्रेपबद्दल, मी एका खासगी डॉक्टरांना विचारले, तेव्हा "निरोध वापरा, बाकी कशाची गरज नाही" एवढे बोलून त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. निरोध आम्ही वापरतोच. पण गेल्या महिन्यात तो एकदा फाटला आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

मी वाचले ते असे. केनिया आणि युगांडातील ४,७४७ जोडप्यांच्या 'पार्टनर्स प्रेप' चाचणीत टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची गोळी रोज दिलेल्या जोडीदारांमध्ये संसर्ग ७५ टक्क्यांनी घटला, आणि परिणाम इतका स्पष्ट होता की औषध नसलेली गोळी देण्याचे २०११ मध्येच थांबवण्यात आले. मात्र तिथे बाधित जोडीदारांचे उपचार चाचणीच्या आरंभी सुरू नव्हते. याउलट एचपीटीएन ०५२ या चाचणीत (पुण्याची 'नारी' ही एड्स संशोधन संस्थाही त्यात होती) औषध बाधित जोडीदारालाच लवकर दिले गेले, आणि त्यामुळे दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. आमचे उपचार सुरू आहेत, पण विषाणू दबल्याचा कागद हातात नाही. म्हणजे आम्ही या दोन्ही चाचण्यांच्या मधेच कुठेतरी आहोत. अशा स्थितीत प्रेप घेण्याला अर्थ आहे का?

घरात सासूबाई आहेत आणि पतींची गोळी त्यांना रक्तदाबाची म्हणून सांगितली आहे. मीही रोज गोळी घेऊ लागले तर काय सांगायचे, हा प्रश्न लहान वाटेल, पण गोळी चुकते ती अशाच कारणांनी.

प्रतिसाद :

ताई, मी अनेक वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे. तुमचाच प्रश्न घेऊन केनिया आणि युगांडातच १,०१३ जोडप्यांबरोबर नंतर एक प्रकल्प झाला. जोडीदाराच्या एआरटीचे सहा महिने होईपर्यंत बाधा नसलेल्याने प्रेप घ्यायची आणि मग थांबवायची, अशी ती पुलासारखी योजना होती. संसर्ग अपेक्षेपेक्षा ९६ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हा अर्थ नक्कीच आहे.

पण आधी नवी एचआयव्ही तपासणी करा. निरोध फाटल्यावर ७२ तासांत पेप, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी धोका घडल्यानंतर घ्यायची औषधे, सुरू करता आली असती. ती वेळ टळली आहे, आणि नकळत संसर्ग झालेला असताना प्रेप सुरू केली तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. सोबत हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिनही तपासून घ्या, कारण टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर येतो. पतींच्या डबीतली गोळी मात्र घेऊ नका. त्यांचा एक दिवसही चुकता कामा नये. खासगी डॉक्टरांकडे पुन्हा जाण्यापेक्षा पतींच्या एआरटी केंद्रातील समुपदेशकांकडे दोघांनी मिळून जा. तिथे जाण्याआधी नाव न सांगता बोलायचे असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

सासूबाईंना हिमोग्लोबिनची गोळी म्हणून सांगा. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी तेच सांगत.